झाडाला विचारा: फांदी कुठं कापायची, लाकूड कधी फोडायचं

पावसाळा तोंडावर आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूरच बदलतो, गुलाब आणि कुंड्या मागे पडतात आणि सगळ्यांना एकदम झाड अंगावर पडेल का याची काळजी लागते. यावेळी चार पत्रं घेतलीत.

प्रश्न : मी २३ वर्षांचा, भांडुपला राहतो. ट्रेकिंग आणि रॅपलिंगची आवड आहे, उंचीची भीती नाही. झाडं छाटायच्या कामात शिरायचंय. ऑनलाइन चेनसॉ स्वस्तात मिळतेय, घेऊन टाकू का?

मित्रा, आत्ता नको. पैसे ठेव आणि आधी एखाद्या चांगल्या टीमबरोबर खाली उभं राहून काम कर. हसू नकोस, खालच्या माणसाचं काम सगळ्यात अवघड असतं, वरून कापलेली फांदी दोरावर घेऊन हळूहळू उतरवायची, दोर किती ढिला सोडायचा, कधी ताणायचा, खालून कोणी मोबाईलवर बोलत चालत येतंय का ते बघायचं, आणि मुंबईत ते येतंच! दोरी बांधलेली असली तरी आरपार घुसतात लोक.

रॅपलिंगची सवय उपयोगी पडेल पण ते खाली यायचं तंत्र आहे. इथे वर थांबून, सरकत, वळत काम करायचं असतं आणि तेही तुझ्याच दोरापासून हातभर अंतरावर करवत चालू ठेवून. चेनसॉची साखळी सेकंदाला साधारण २० मीटर वेगानं फिरते, तिला दोर आणि फांदी यातला फरक कळत नाही. म्हणून कापताना दोन ठिकाणी बांधलेलं असायचं, एक मुख्य दोर आणि दुसरा पोटात स्टीलची तार असलेला छोटा पट्टा. आणि पात्याच्या टोकाचा वरचा कोपरा कशालाही टेकवायचा नाही, टेकला की करवत उसळून सरळ तोंडाकडे येते, साखळी झटक्यात थांबवणारा चेनब्रेक त्यासाठीच असतो. हेल्मेट, तोंडावर जाळी, कानाला मफ आणि चेनसॉची खास पँट, त्या पँटमधले धागे साखळीत गुंतून तिला थांबवतात. जीन्स घालून करवत चालवणारे भरपूर दिसतील, त्यांच्याकडून बाकी काहीही शीक, एवढं नको.

पायाला खिळे लावून चढायचं फक्त तोडायच्या झाडावर. जे झाड ठेवायचंय त्याला प्रत्येक खिळ्याची एक जखम होते.

आणि झाडं ओळखायला शीक, ही माझी खरी सूचना. गुलमोहर आणि शेवग्याच्या फांदीवर वजन टाकायचं नाही, कधी मोडेल नेम नाही. रेनट्रीच्या फांद्या आडव्या लांबच लांब जातात, टोकाला जड असतात, अर्धवट कापल्या की खालच्या बाजूनं सालीसकट फाटत खोडापर्यंत येतात. आंब्यावर लाल मुंग्यांची घरं असतात, एकदा शर्टात शिरल्या की हातातली करवत सुटेल. मे-जूनमध्ये कावळ्यांची घरटी असतात, चढायच्या आधी खालून नीट बघायचं, पिल्लं असतील तर ती फांदी थांबू शकते. चढणं आणि कापणं वर्षभरात हाताला बसेल रे, काय कापायचं नाही हे कळायला जास्त वेळ लागतो.

प्रश्न : आमच्या मुलुंडच्या सोसायटीत एक जुना गुलमोहर आणि दोन रेनट्री आहेत. काँट्रॅक्टर म्हणतो वरून सरसकट उडवून देतो, तीन वर्षं बघायला नको, आणि कापलेल्या जागी ऑइलपेंट लावतो. बरोबर आहे का? परवानगी लागते का, झाडं तर आमच्या कंपाउंडमध्ये आहेत?

सेक्रेटरी साहेब, त्या माणसाला चहा पाजून परत पाठवा.

शेंडा उडवला की झाड घाबरून जातं म्हणा हवं तर, पानं गेली म्हणजे अन्न गेलं, मग ते कापलेल्या जागेच्या कडेनं भराभर नवे फुटवे काढतं. हे फुटवे वरच्या थरालाच चिकटलेले असतात, आत मूळ धरलेलं नसतं, आणि वर कापलेल्या मोठ्या जागेतून लाकूड कुजत खाली उतरतं. म्हणजे तीन वर्षांनी तुमच्या पार्किंगवर कुजक्या खोडावर उभ्या जाड फांद्या असतील. आजच्यापेक्षा जास्त धोका, आणि तो पैसे देऊन विकत घेतलेला.

नीट छाटणी अशी असते. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे जवळून बघा, मनगटाशी बांगडी असावी तसा एक फुगीर, सुरकुतलेला कडा दिसेल. ती झाडाची स्वतःची जखम बंद करायची जागा, तिला हात लावायचा नाही. जड फांदी एका घावात कापायची नाही, आधी खोडापासून फूटभर लांब खालच्या बाजूनं थोडा काप, मग त्याच्या जरा पुढे वरून काप म्हणजे फांदी साल न फाडता पडते, आणि शेवटी उरलेला खुंट त्या कड्याच्या अगदी बाहेरून. खोडाला घासून सपाट कापलं की दिसायला छान दिसतं पण जखम दुप्पट मोठी होते. एका वेळी पालवीच्या पाव भागापेक्षा जास्त काढायचंच नाही.

ऑइलपेंटची गरज नाही. अमेरिकेतल्या अॅलेक्स शिगो नावाच्या शास्त्रज्ञानं हजारो झाडं उभी चिरून दाखवून दिलं की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही, झाड कुजका भाग आतल्या आत भिंत घालून वेगळा करतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. रंगाखाली ओल अडकते, बुरशीला बरंच.

आता वर बघायचं थांबवून खाली बघा. पेव्हर ब्लॉक बुंध्याला टेकलेत का? केबलसाठी किंवा ड्रेनेजसाठी गेल्या दोन-तीन वर्षांत एका बाजूनं चर खणला होता का? बुंध्याशी तपकिरी, लाकडासारखी कडक भूछत्रं आलीत का? मे २०२१ च्या तौक्ते वादळात मुंबईत भली मोठी झाडं मुळासकट आडवी झाली, त्यांची मुळं बघितली असती तर त्यातल्या काही झाडांची कहाणी कळली असती, एका बाजूला मुळंच नव्हती. बुंध्याभोवती मीटरभर काँक्रीट काढलंत तर छाटणीइतकाच फायदा.

परवानगी लागतेच. महाराष्ट्राचा १९७५ चा झाडांचा कायदा खाजगी जागेलाही लागू आहे, झाड सांभाळायची जबाबदारी सोसायटीची आणि हात लावायचा तर अर्ज महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसमधल्या उद्यान खात्याकडे. पूर्ण तोडायचं असेल तर प्रकरण वृक्ष प्राधिकरणाच्या नियमांनी चालतं. अर्ज जानेवारीत करा हो, मेच्या शेवटी सगळी मुंबई त्याच खिडकीवर असते. फांदी लोंबकळतेय, पडायच्या बेतात आहे असं असेल तर महापालिकेच्या १९१६ या नंबरला फोन.

प्रश्न : आम्ही गोराईला राहतो, घरी अजून तांब्याचा बंब आहे. छाटणीचं टेम्पोभर लाकूड स्वस्तात मिळालं, पण नुसता धूर होतो, पाणी तापत नाही आणि शेजारीण रोज बोलते. लाकूड खराब आहे का?

ताई, लाकूड खराब नाही, ओलं आहे. नुकत्या कापलेल्या लाकडाच्या वजनातलं जवळपास निम्मं पाणीच असतं. तुमची आग आधी ते पाणी उकळवत बसते, त्यामुळे ज्वाळा गार राहते आणि लाकडातला जो वायू जळायला हवा तो न जळताच चिमणीतून बाहेर जातो. तोच तुमच्या शेजारणीचा धूर. ओलावा २० टक्क्यांच्या खाली आला की तेच लाकूड निमूट जळेल.

साल पाणी अडवते, पाणी निघतं कापलेल्या टोकांतून आणि फोडलेल्या बाजूनं. म्हणून ओंडके आख्खे ठेवून वर्षभर वाट बघण्यात अर्थ नाही, आधी बंबाच्या मापाचे तुकडे करा, मग फोडा. सरळ ओंडका ओलाच बरा फुटतो. टोकाला जी बारीक भेग दिसते तिच्या रेषेत घाव घाला. रेनट्रीचं लाकूड आतून पिळलेलं असतं, कुऱ्हाड रुतून बसते, तिथे मधोमध मारत बसू नका, कडेकडेनं ढलप्या काढत या, नाहीतर लोखंडी पाचर आणि घण. गाठी असलेले ओंडके बाजूला ठेवा, त्यांच्यापायी कंबर घालवू नका.

रचायचं विटांवर, जमिनीला टेकवून नाही. वरून पत्रा, बाजू उघड्या. लोक चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळतात आणि आत बुरशी येते. गोराईला खाडीचा वारा आहे तो फुकट आहे, वापरा. पण फेब्रुवारी ते मे एवढाच हंगाम, पावसाळ्यात हवाच इतकी दमट की काही वाळत नाही, उलट वाळलेलं पुन्हा ओल धरतं, म्हणून जूनच्या आधी सगळं छपराखाली. वाळलं का ते बघायला एक ढलपी खुणेची ठेवा आणि दर आठवड्याला किचनच्या काट्यावर ठेवा, वजन उतरायचं थांबलं की झालं.

सुबाभूळ, बाभूळ, सुरू, चिंच यांचा निखारा टिकतो. गुलमोहर भुर्रकन जळून जातो, पेटवायला ठीक. नारळाची सोडणं आणि करवंट्या तर तुमच्याकडे असतीलच. कण्हेर अजिबात नाही, तिचा धूर विषारी. जुन्या फर्निचरचं प्लाय आणि रंगवलेलं लाकूडही नाही.

प्रश्न : छाटणीचं लाकूड विकायचा जोडधंदा मुंबईत चालेल का? बेकऱ्यांना लागतंच ना. (लोअर परळ)

आता त्या भरवशावर टेम्पो घेऊ नका. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं, आणि पावाच्या भट्ट्या हे मोठं गिऱ्हाईक होतं. शिवाय काम घेताना लाकूड कुणाचं ते आधीच लिहून घ्या, नाहीतर शेवटच्या दिवशी सोसायटी, काँट्रॅक्टर आणि तुम्ही तिघं एकाच ओंडक्यावर बसलेले असाल. बारीक फांद्यांचा भुगा करायचं मशीन भाड्यानं मिळालं तर तो भुगा झाडांच्याच आळ्यात घालायला सोसायट्या घेतात, बुंध्याला न टेकवता चार बोटं जाडीचा थर. पैसे फार नाहीत. टेम्पोच्या दोन फेऱ्या वाचतात आणि डम्पिंगचा खर्चही वाचतो.