कमांडची यादी पाठ करू नकोस, मशिनलाच विचार

तुझा प्रश्न नीट वाचला भावा. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत ट्रेनी म्हणून लागलास, उबुंटू सर्व्हर तुझ्याकडे आलाय, प्लांटच्या आतल्या नेटवर्कला इंटरनेट नाही, आणि सिनियरनी 150 कमांडची छापील यादी हातात देऊन ‘पाठ कर’ म्हणून सांगितलंय. तुला तीन गोष्टी हव्यात: या मशिनवर कोणकोणत्या कमांड आहेत हे कसं बघायचं, त्या शिकायच्या कशा, आणि यादीतली ‘शिफ्टरिपोर्ट’ ही कमांड घरच्या लॅपटॉपवर का सापडत नाही.

पाठांतर आधी बाजूला ठेव. दोन लिनक्स मशिनवर कमांड सारख्याच असतील असं नसतं. ज्यावर जी पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) टाकली, त्यावर त्या कमांड. आपल्याकडे काय आहे हे मशिनला स्वतःला माहीत असतं आणि बहुतेक कमांडची माहितीही डिस्कवरच असते, नेट लागत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पुराचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं, वाहतूक बंद पडली, हे तुला आठवत असेल. तसल्या दिवसांत सिनियर पोचत नाही, नेटचा भरवसा नसतो, डिस्कवरची पानं तेवढी हाताशी राहतात. म्हणून विचारायचं कसं ते शिक.

खाली कमांड देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर त्या रोमन छोट्या अक्षरांत टाइप कर.

यादी बघायचे दोन मार्ग. ‘कॉम्पजेन -सी’ हे बॅशला (तू टाइप केलेली कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, म्हणजे शेल) माहीत असलेली सगळी नावं ओतून देतं, अगदी ‘इफ’ आणि ‘व्हाइल’सकट. हजारभर नुसती नावं बघून काही कळत नाही, त्यामुळे मी ते फारसं वापरत नाही. त्यापेक्षा ‘मॅन’ ही मॅन्युअलची पानं दाखवणारी कमांड वापर, ‘मॅन -के -एस 1 .’ दे. शेवटचं टिंब विसरू नकोस, त्याचा अर्थ ‘काहीही चालेल’. मॅन्युअलच्या पहिल्या विभागातली प्रत्येक कमांड एका ओळीच्या माहितीसकट समोर येते. पुढे ‘| लेस’ जोड म्हणजे सावकाश वाचता येईल. एखाद्या निवांत रात्रपाळीत ही यादी वरून खाली नजरेखालून घाल. पाठ करायची नाही, नुसती वाचायची. असं काहीतरी आपल्याकडे आहे एवढं डोक्यात राहिलं तरी पुढचं काम होतं.

खरा उपयोग मात्र ‘मॅन -के’पुढे कामाचा शब्द टाकण्यात आहे. लक्ष्मीपुरीत धान्य घ्यायला जाताना दुकानातल्या मालाची यादी कुणी पाठ करून जात नाही, काय पाहिजे ते सांगतो. इथंही तसंच, फक्त सांगायचं इंग्रजीत.

समज, डिस्क भरत आलीय. तुला हवी आहे ‘जागेचा वापर’ सांगणारी कमांड. ‘मॅन -के’ देऊन पुढे ‘स्पेस युसेज’ हे दोन शब्द अवतरण चिन्हांत लिही. अवतरण चिन्हं नाही लावलीस तर दोन्हीपैकी एकही शब्द असलेली सगळी पानं येतील आणि गोंधळ होईल. चिन्हं लावलीस की मोजक्या ओळी येतात आणि त्यांत ‘डीएफ’ आणि ‘डीयू’ दिसतात. डीएफच्या ओळीत फाइल सिस्टिमचा उल्लेख आहे, डीयूच्या ओळीत फाइलींचा. फरक तिथंच कळतो: कोणतं पार्टिशन भरलं ते डीएफ सांगणार, त्यात कोणत्या फोल्डरनं जागा खाल्ली ते डीयू.

आता ‘मॅन डीयू’ उघड. पान लांबलचक दिसतं म्हणून नवीन पोरं बिचकतात, पण ते वरून खाली वाचायचं नसतंच. आधी सिनॉप्सिसची, म्हणजे कमांड कशी लिहायची ते दाखवणारी ओळ बघ. चौकटी कंसातलं ऐच्छिक, पुढे तीन टिंबं असतील तर ते कितीही वेळा देता येतं, मधे उभी रेघ असेल तर दोन्हीपैकी एकच. डीयूच्या ओळीत ऑप्शनही कंसात आहे आणि फाइलही, म्हणजे काहीच न देता ती चालते आणि आहे त्या फोल्डरपासून मोजते. मग तिरकी रेघ दाबून शोध. नुसतं ‘ह्युमन’ लिहून एंटर मारलास की ‘-एच’ सापडतो, आकडे के, एम, जीमध्ये दाखवणारा. ‘डेप्थ’ शोधलास की ‘-डी’ सापडतो, किती पातळ्यांपर्यंतची बेरीज दाखवायची ते सांगणारा. पुढच्या जागी जायला ‘एन’, बाहेर पडायला ‘क्यू’. थेट एखादा ऑप्शन गाठायचा असेल तर तिरकी रेघ, मग टोपीचं चिन्ह, एक स्पेस, तारा, आणि मग हायफनसकट ऑप्शन लिही. मजकुरात मधेच कुठं आलेला ‘-एच’ वगळून ओळीच्या सुरुवातीचाच सापडतो. ही एक युक्ती हाताला बसली की मॅनची पानं जड जात नाहीत.

निकाल लहान-मोठा लावून हवा? ‘मॅन सॉर्ट’ उघडून तिथंही ‘ह्युमन’च शोध. तिथंही ‘-एच’ आहे, के-जीवाले आकडे समजून क्रम लावणारा. झाली ओळ तयार: ‘सुडो डीयू -एक्स -एच -डी 1 /व्हार | सॉर्ट -एच’. सगळ्यात खाली /व्हारची एकूण बेरीज, तिच्या लगेच वर सगळ्यात जड फोल्डर. ‘सुडो’ म्हणजे ॲडमिनच्या अधिकारानं चालव. यातला ‘-एक्स’ कशासाठी ते मी सांगत नाही, पानात बघ. अशी स्वतः जुळवलेली ओळ डोक्यातून जात नाही, छापील यादीतली दुसऱ्या दिवशी जाते.

टॅबही सोडू नकोस. /व्हार/लॉगमध्ये जुन्या लॉग फाइली (मशिननं लिहिलेल्या नोंदी) जीझेड होऊन, म्हणजे दाबून लहान करून, पडलेल्या असतात. त्यांत एरर शोधायची म्हणून लोक आधी फाइल उघडून ठेवतात, मग ग्रेप (मजकुरात शब्द शोधणारी कमांड) मारतात. त्याऐवजी रिकाम्या प्रॉम्प्टवर नुसतं ‘झेड’ टाइप करून टॅब दोनदा दाब. झेडकॅट, झेडग्रेप, झेडलेस, झेडडिफ अशी रांग येते. ओळखीच्या नावापुढे झेड लागलाय एवढ्यावरूनच अंदाज येतो: दाबलेली फाइल न उघडता थेट आत शोधणारी मंडळी. मग मॅन उघडून खात्री कर. पुष्कळ कमांडच्या नावापुढे हायफन देऊन टॅब दोनदा दाबलास तर ऑप्शनही दिसतात.

आता काही नावांना मॅन पानच नाही असं दिसेल. ‘मॅन सीडी’ दिलंस तर उबुंटू पान नाही म्हणून सांगतं, कारण सीडी ही वेगळी फाइल नाही, बॅशच्या पोटातली कमांड आहे. अशांसाठी ‘हेल्प सीडी’. नुसतं ‘हेल्प’ दिलंस तर बॅशच्या अशा सगळ्या अंगभूत कमांड दिसतात. कोणती कुठली हे ओळखायला ‘टाइप’ आहे. ‘टाइप सीडी’ सांगेल की ही शेलची अंगभूत, ‘टाइप एलएल’ सांगेल की हे एलएसला दिलेलं टोपणनाव. ‘टाइप -ए इको’ दिलंस तर इको दोन ठिकाणी आहे हे दिसेल, बॅशमध्ये आणि डिस्कवर. ‘मॅन इको’ हे डिस्कवरच्या इकोचं पान आहे, तू चालवतोस तो बॅशचा, त्याला ‘हेल्प इको’. हा फरक माहीत नसला की पानात लिहिलंय तसं चालत का नाही म्हणून माणूस उगाच डोकं धरून बसतो.

तुझ्या ‘शिफ्टरिपोर्ट’चं उत्तरही इथंच आहे. ती लिनक्सची कमांड नाही. तुमच्याच कुणीतरी लिहिलेली स्क्रिप्ट (एका फाइलीत लिहून ठेवलेल्या कमांड) असणार, म्हणून घरच्या लॅपटॉपवर नाही. ‘टाइप शिफ्टरिपोर्ट’ दे, पत्ता मिळेल, बहुधा /यूएसआर/लोकल/बिनमधला. त्या पत्त्यावर ‘फाइल’ ही कमांड चालव. शेल स्क्रिप्ट आहे असं उत्तर आलं तर ‘लेस’नं उघडून वाच, पण वाचल्याशिवाय चालवू नकोस. ‘--हेल्प’ देऊन बघतो असंही म्हणू नकोस. घरगुती स्क्रिप्टमध्ये ती सोय केलेली नसेल तर ती तुझ्या ‘--हेल्प’कडे दुर्लक्ष करून सरळ काम सुरू करेल, आणि त्यात शेवटी जुन्या फाइली पुसायची ओळ असली तर शिफ्टचा डेटा गेला. ‘नाव अनोळखी असेल तर आधी वाचायचं, मग चालवायचं’ हा नियम प्रॉडक्शन सर्व्हरवर कधीही मोडू नकोस, आणि सुडो असताना तर नाहीच.

विभागांचं थोडक्यात सांगतो. युनिक्सच्या मॅन्युअलची पहिली आवृत्ती 3 नोव्हेंबर 1971 ची, विभाग पाडायची पद्धत तेव्हापासूनची. तुझ्या कामाचे तीन: 1 म्हणजे रोजच्या कमांड, 5 म्हणजे फाइलींची मांडणी, 8 म्हणजे ॲडमिनच्या कमांड. रोज पहाटे रिपोर्ट निघावा म्हणून क्रॉनटॅबला (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) ओळ टाकायची असेल तर ‘मॅन क्रॉनटॅब’मध्ये वेळेचे पाच रकाने समजावलेले सापडणार नाहीत. तिथं कमांडची माहिती आहे, फाइलीची मांडणी ‘मॅन 5 क्रॉनटॅब’मध्ये आहे. एका नावाची किती पानं आहेत हे ‘व्हॉटइज क्रॉनटॅब’ सांगतं.

‘मॅन -के’ला प्रत्येक शब्दावर काहीच सापडलं नाही असं आलं, तर सूची तयार झालेली नाही. ‘सुडो मॅनडीबी’ एकदा चालव. त्याऐवजी ही सिस्टिम मिनिमाइज केलेली (कमीत कमी सामान ठेवून लहान केलेली) आहे असा संदेश आला, तर मॅनची पानं मुळात टाकलेलीच नाहीत. ‘अनमिनिमाइज’ केल्यावर ती येतात, पण त्याला इंटरनेट किंवा आतला पॅकेज सर्व्हर लागतो, तेव्हा सिनियरना विचारल्याशिवाय हात लावू नकोस. तोवर घरच्या लॅपटॉपवर सर्व्हरवर आहे तीच उबुंटूची आवृत्ती टाकून तिथली पानं वाच.