बांबूचा कठडा ट्रक झेलेल का?

प्रश्न : वणी-वरोरा महामार्गावर लोखंडाऐवजी बांबूचा कठडा बसवलाय. ट्रक आदळला तर टिकेल?
– एक वाचक, वणी

उत्तर : शंका रास्त आहे. रस्त्याच्या कामांवर आयुष्य गेलेल्या मलाही आधी हीच आली. २०२३ मधला हा २०० मीटरचा कठडा कच्च्या बांबूचा नाही. बाल्कोआ जातीच्या बांबूत क्रिओसोट तेल मुरवलंय, म्हणजे वाळवी-बुरशीला अटकाव. वर पुनर्वापराच्या प्लॅस्टिकचा लेप. मध्य प्रदेशात पिथमपूरच्या वाहन-चाचणी केंद्रात चाचण्या झाल्या, आगीची चाचणी रुरकीच्या इमारत-संशोधन संस्थेत. कठड्याने गाडी जागीच थोपवायची नसते; धडकेचा जोर झेलत तिला पुन्हा रस्त्याच्या दिशेने वळवायचं असतं. तिथे बांबूची लवचीकता कामाला येते. माझी खरी काळजी देखभालीची. मोडका भाग तसाच राहिला, तर पुढच्या गाडीला आधारच नाही. असं दिसलं की राष्ट्रीय महामार्गाच्या १०३३ क्रमांकावर लगेच कळवा.