वाचकांचे प्रश्न : एक गुप्तहेर, चार खोल्या

प्रश्न : जुन्या, कमी खर्चातल्या ब्रिटिश रहस्यपटांसारखा खासगी गुप्तहेरावर वीस मिनिटांचा लघुपट इंदुरात करायचा आहे. कॅमेरा मित्राचा, हाताशी तीस हजार रुपये. पटकथेत पाठलाग, गोळीबार आणि दोन गाड्या आहेत. कात्री कुठे लावावी?
— एक वाचक, रामबाग

उत्तर : पाठलाग आणि गोळीबार दोन्ही काढा. त्या मंडळींनाही ते परवडत नसे, म्हणून तर गुप्तहेर त्यांच्या इतका कामी आला. 1927 च्या कायद्याने ब्रिटनमधल्या चित्रपटगृहांना ठरावीक प्रमाणात देशी चित्रपट दाखवणं भाग पडलं. तो वाटा भरायला जे झटपट चित्रपट निघाले, त्यांचा खर्च ढोबळमानाने फुटामागे एक पौंड धरत. 35 मिलिमीटरची फिल्म मिनिटाला 90 फूट सरकते, म्हणजे तासाभराच्या चित्रपटाला 5,400 पौंड!

एवढ्या पैशांत काय बसतं? दार ठोठावून प्रश्न विचारणारा एक माणूस. प्रत्येक साक्षीदाराला एक खोली, एक नट, एक दिवस. नटांची आपसात गाठ पडली नाही तरी चालतं, त्यांना जोडायला गुप्तहेर आहेच. तुम्हीही चार खोल्या आणि चार दिवस धरून पटकथा नव्याने लिहा. मात्र साक्षीदाराने सगळंच तोंडाने सांगितलं की चित्रपट मरतो. प्रत्येक खोलीत एक वस्तू अशी ठेवा, जी त्याचं बोलणं खोटं पाडेल.

1971 चा 'गमशू' जरूर पाहा. त्यात अल्बर्ट फिनी लिव्हरपूलच्या क्लबात बिंगोचे आकडे पुकारतो आणि हौसेने गुप्तहेर होतो. दिग्दर्शक स्टीफन फ्रिअर्स यांचा हा पहिलाच मोठा चित्रपट. नायकाला असं पोटापाण्याचं काम दिलं, की त्याची जागाही आयती मिळते. तुमचा नायक सराफ्यातल्या पेढीवर हिशेब लिहिणारा करा. दिवसा तिथे सोन्या-चांदीचा व्यवहार आणि रात्री त्याच दुकानांपुढे खाण्याचे ठेले, म्हणजे एका गल्लीत दोन सेट. गर्दी कॅमेऱ्याकडे बघते, म्हणून वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून 85 मिलिमीटरच्या लेन्सने टिपा. पाळत ठेवल्याचा भासही आपोआप येतो. तिथला आवाज संवादाला निरुपयोगी, ते नंतर डब करा.

प्रश्न : गुप्तहेराच्या ऑफिसात भिंतीवर खिडकीच्या पट्ट्यांची सावली हवी आहे, पण नुसता धूसर डाग पडतो. शिवाय चित्र लुकलुकतं.
— एक वाचक, सुदामानगर

उत्तर : बहुतेक तुम्ही सॉफ्टबॉक्स, म्हणजे पांढऱ्या कापडाआडचा मोठा दिवा, लावला आहे. मोठ्या पृष्ठभागाचा प्रकाश सावलीची कड खाऊन टाकतो. उघडा, लहान दिवा घ्या. पुठ्ठ्यात दोन-दोन इंचांच्या आडव्या फटी कापा आणि मध्ये तेवढ्याच पट्ट्या ठेवा. पुठ्ठा भिंतीपासून अडीच फुटांवर आणि दिवा पुठ्ठ्यामागे आठ फुटांवर ठेवा. पुठ्ठा दिव्याकडे सरकवला की कड पुन्हा विरघळते. खोलीतले बाकी सगळे दिवे बंद.

लुकलुकीचं कारण वेगळं. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला शंभरदा मंद-तेज होतो आणि सेकंदाला 30 फ्रेम (चित्रं) टिपणाऱ्या कॅमेऱ्याशी त्याचा मेळ बसत नाही. कॅमेरा 25 फ्रेमवर आणि शटर 1/50 सेकंदावर ठेवा. तरीही लुकलुकलं तर एलईडीचा डिमर तपासा. स्वस्त डिमर दिवा कमी करताना तो भराभर चालू-बंद करतात. म्हणून दिवा पूर्ण तेजावर ठेवून लांब न्या. अंतर दुप्पट केलं की प्रकाश चौथाई होतो, आणि सावलीही अधिक रेखीव पडते.