आधी दारू की आधी मन?

प्रश्न : धाकटा भाऊ रोज दारू पितो, उदास असतो, रक्तदाबही आहे. मानसोपचारतज्ज्ञ म्हणतात, आधी दारू सोडवा. व्यसनमुक्ती केंद्र म्हणतं, आधी मन सांभाळा. आम्ही काय करावं?

उत्तर : ताई, या ‘आधी-नंतर’च्या फेऱ्यांत माणसं दगावलेली मी पाहिली आहेत. दोन्ही उपचार एकत्रच चालायला हवेत. घरी दारू एकदम बंद करू नका. रोज पिणाऱ्याला पहिल्या ४८ तासांत झटके येऊ शकतात, पुढे भ्रम होतो, जिवावर बेततं. जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना मध्ये घ्या. मानसोपचारतज्ज्ञ, केंद्र आणि हे डॉक्टर, या तिघांनी दिलेली औषधं एकाच वहीत लिहा, ती वही प्रत्येकाला दाखवा. झोपेची गोळी आणि दारू एकत्र आली, तर श्वास मंदावतो. भाऊ मरणाचं बोलला, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा. त्याला एकटं सोडू नका.