कापूस ओढला की लगेच तुटतो, मग त्याच कापसाचा शर्ट एवढा मजबूत कसा?

प्रश्न वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. तुम्ही विचारलंय की देवपूजेच्या कापसाचा पुंजका दोन बोटांनी ओढला तर जोर न लावताच वेगळा होतो, मग त्याचा धागा आणि धाग्याचं कापड होताना त्यात असं काय घालतात, गोंद वगैरे असतो का. गोंद नसतो. खळ असते पण ती फक्त माग चालावा म्हणून, नंतर धुऊन काढतात, त्याचं पुढे सांगते. खरी ताकद पिळाची.

मी इचलकरंजीची. घरी आठ साधे माग होते, वडील खर्चीवाले, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं आणि आपण मजुरीवर कापड विणून द्यायचं. आमच्या गावात १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि तेव्हापासून गाव त्या खटखटीवरच जगतंय. गंमत म्हणजे आमच्याकडे शेतात ऊस, कापूस बघायचा तर विदर्भ-खानदेशात जायला लागतं, त्यामुळे मला सूत लहानपणापासून माहीत पण झाडावरचं बोंड मी कॉलेजला गेल्यावर पहिल्यांदा बघितलं.

पीळ म्हणजे काय ते मला कुठल्या मशीनने नाही, आज्जीने शिकवलं. ती वाती वळायला बसली की बोटांना चिमूटभर राख लावायची, नाहीतर कापूस बोटांवरून नुसता घसरतो, मग पुंजक्यातून थोडा कापूस हळूहळू लांबवत न्यायचा आणि दुसऱ्या हाताने त्याला पीळ देत राहायचं. पीळ द्यायच्या आधी जास्त ओढलं की वात मधेच सुटायची, आणि एकदा पीळ बसला की तीच वात मी दोन्ही हातांनी ताणली तरी तुटायची नाही. लांबवणं आणि पिळणं, सूतगिरणीतली कोट्यवधींची मशीनं शेवटी हीच दोन कामं करतात.

आता हे का होतं ते बघा. कापसाचा एक तंतू साधारण २८ ते ३० मिलिमीटर लांब असतो, म्हणजे बोटाच्या एका पेरापेक्षा थोडाच मोठा, आणि धागा तर किलोमीटरच्या किलोमीटर सलग असतो, म्हणजे धाग्यात एकही तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत जात नाही, एक संपायच्या आत बाजूचा दुसरा सुरू झालेला असतो. पीळ नसेल तर ओढल्यावर ते एकमेकांवरून सरकून जातात, तुमच्या पुंजक्याचं तेच झालं, त्यात कापूस तुटलाच नाही, नुसता सरकला. पीळ दिला की प्रत्येक तंतू बाकीच्यांभोवती वळसे घेत जातो, आणि मग धागा ओढला की हे वळसे आवळले जातात, आतले तंतू दाबले जातात, दाब वाढला की घर्षण वाढतं आणि सरकणं थांबतं. म्हणजे जितकं ओढाल तितके ते एकमेकांना जास्त धरतात! काथ्याच्या दोराचं पण हेच गणित आहे. शिवाय कापसाला निसर्गाने अजून एक सोय दिलीय, बोंड उमलून तंतू वाळला की तो चपटा होतो आणि रिबिनीसारखा स्वतःभोवती वळतो, त्यामुळे एक तंतू दुसऱ्याला छान अडकतो.

पण पीळ वाढवत गेलं की ताकद वाढतच जाते असं नाही. एका मर्यादेनंतर तंतू इतके तिरके होतात की ओढीचा जोर सरळ त्यांच्यावर येत नाही, धागा ताठर होतो, सैल सोडला की स्वतःभोवती आट्या घालतो. म्हणून होजियरीच्या सुताला पीळ कमी ठेवतात, बनियन मऊ लागायला पाहिजे ना, आणि मागावर ताणाला, म्हणजे कापडाच्या उभ्या धाग्यांना, जाणाऱ्या सुताला जास्त.

गिरणीतला प्रवास थोडक्यात सांगते. वेचलेल्या कापसातून आधी सरकी काढतात, ते जिनिंग, एक क्विंटल कापसातून साधारण ३४-३५ किलो रुई निघते आणि बाकी बहुतेक सगळी सरकी. रुईच्या १७० किलोच्या गाठी बांधून गिरणीत येतात, तिथे ब्लोरूममध्ये गाठ फोडून पिंजतात, कचरा काढतात, मग कार्डिंगला बारीक तारांच्या दातांमधून एकेक तंतू सुटा होतो आणि बाहेर येतो तो अंगठ्याएवढा जाड मऊ दोर, त्याला स्लायव्हर म्हणतात, हातकताईवाल्यांचा पेळू जसा तसाच पण न संपणारा. तो एवढा नाजूक असतो की नुसता उचलला तरी तुटतो. मग सहा किंवा आठ स्लायव्हर एकत्र घालून एकाच्या जाडीइतके ओढतात, म्हणजे एकाचा बारीक भाग दुसऱ्याच्या जाड भागाने भरून निघतो आणि तंतू सरळ होतात. चांगल्या सुतासाठी मधे कोंबिंग करून आखूड तंतू काढून टाकतात, कोंब्ड कॉटन असं जे लेबलवर लिहिलेलं असतं ते हेच. त्यानंतर सिम्प्लेक्सवर थोडा पीळ, आणि शेवटी रिंग फ्रेमवर खरी ओढ आणि खरा पीळ. साठ काउंटचं, म्हणजे बारीक, सूत घेतलं तर मीटरभर स्लायव्हरमधून साधारण पाचशे मीटर धागा निघतो, आणि त्यात एका इंचात तीसएक पीळ असतात. चाती, म्हणजे सूत पिळून गुंडाळणारी फिरती सळई, मिनिटाला पंधरा-अठरा हजार फेरे मारते आणि तरी मिनिटाला जेमतेम पंधराएक मीटर सूत निघतं, म्हणून गिरणीत हजारो चात्या लागतात.

काउंट म्हणजे काय हे पण विचारतात लोक. ८४० यार्डाची एक लडी धरायची, अशा किती लड्या एका पौंडात बसतात तो काउंट. साठ काउंट म्हणजे एका पौंडात साठ लड्या, जवळजवळ ४६ किलोमीटर सूत साडेचारशे ग्रॅममध्ये! आकडा मोठा तितकं सूत बारीक. एवढ्या बारीक धाग्याच्या जाडीत कुठेही बघितलं तरी साठ-सत्तरच तंतू असतात, त्यामुळे बारीक सुताला लांब तंतूचाच कापूस लागतो, आखूड तंतू असले की एकमेकांना धरायला जागाच पुरत नाही. तुमच्या शर्टाच्या कॉलरवर किंवा बाहीवर सहा महिन्यांत गोळे यायला लागले तर समजा त्यात आखूड तंतू जास्त होते किंवा पीळ कमी होता, तंतूंची टोकं बाहेर सुटतात आणि घासून घासून गुंतत राहतात.

आता माझा भाग, माग. सूत आलं की ताणाचं बीम, म्हणजे उभे धागे गुंडाळलेला मोठा रूळ, करायचं आणि ते सायझिंगला जायचं, तिथे खळ लावतात, मक्याचा नाहीतर दुसरा कुठला स्टार्च असतो त्यात. खळ ताणालाच, बाण्याला म्हणजे आडव्या धाग्याला नाही, कारण बाण्याचा धागा एकदाच कापडात जाऊन बसतो पण ताणाची प्रत्येक तार, म्हणजे एकेक उभा धागा, वहीच्या (धागे वर-खाली उचलणारी चौकट) डोळ्यातून आणि फणीच्या घरातून हजारो वेळा घासली जाते, वर-खाली ओढली जाते. खळीने बाहेर आलेली लव चिकटून बसते आणि तार गुळगुळीत होते. नवीन कोरं कापड कडक लागतं आणि पहिल्या धुण्यात पाणी गढूळ होतं ते या खळीमुळे.

खळ नीट नसेल तर काय होतं ते मी बघितलंय. मी दहावीत असताना एकदा एक बीम आलं, खळ कुठे लागलेली कुठे नाही, मागावर चढवलं आणि तारा एकमेकींना चिकटायला लागल्या, दर दोन-तीन मिनिटाला एक तार तुटायची. साध्या मागावर ताणाची तार तुटली तर माग आपोआप थांबत नाही, कामगाराने डोळ्याने बघायचं, नाही बघितलं तर कापडात लांबच लांब रेघ पडते आणि व्यापारी त्याचे पैसे कापतो. तार जोडायची म्हणजे मागून तुटलेलं टोक शोधायचं, त्याला सुताचा तुकडा गाठायचा, हूक घालून वहीच्या बरोबर त्याच डोळ्यातून ओढायचा, मग फणीच्या बरोबर त्याच घरातून, एक घर चुकलं तरी कापडात दिसतं. वडील आणि मी रात्री दोनपर्यंत गाठी मारत होतो आणि कापड निघालं सहा मीटर. पिकावर मजुरी असते, पीक म्हणजे आडवा एक धागा, त्यामुळे माग उभा राहिला की घरात काही येत नाही.

आणि हो, पाणी. उन्हाळ्यात वडील मागाखालच्या फरशीवर पाणी मारायला लावायचे, मला वाटायचं गारव्यासाठी. पण कापूस ओलसर असताना जास्त मजबूत असतो, कोरड्या हवेत तारा पटापट तुटतात, म्हणून ते. बरेचसे तंतू ओले झाले की कमजोर होतात, कापूस मात्र उलटा.

विणकाम म्हणजे एक आड एक तारा वर उचलायच्या, मधल्या फटीतून धोटा जातो, त्याच्या पोटातल्या कांडीवरचं सूत मागे सुटत जातं, फणी ते ठोकून बसवते, मग खालच्या तारा वर, वरच्या खाली, परत धोटा. आई कांड्या भरायची, दिवसाला शेकड्याने. आमच्याकडे जास्त करून केंब्रिक, म्हणजे बारीक सुताचं पातळ सुती कापड, निघायचं, साठला साठ, ९२-८८, म्हणजे दोन्हीकडे साठ काउंट, एका इंचात ९२ उभ्या तारा आणि ८८ आडव्या. आता हिशोब करा, इंचाला ८८ म्हणजे एका मीटरला धोटा जवळजवळ साडेतीन हजार वेळा इकडून तिकडे जातो. मिनिटाला १२० पिकं मारणाऱ्या मागावर तार तुटणं, कांडी बदलणं धरून बारा तासात वीसएक मीटर कापड. ४८ इंच पन्ह्याच्या एका मीटरमध्ये उभं-आडवं मिळून साडेआठ किलोमीटरच्या वर सूत बसतं आणि त्याचं वजन भरतं पंच्याऐंशी-नव्वद ग्रॅम. रेपिअर, एअरजेट हे नवीन माग यापेक्षा कितीतरी पटीने पळतात, धोटाच नसतो त्यांना, आमच्या गल्लीतले साधे माग त्यामुळेच भंगारात गेले, आमचे पण. ते विकले त्या दिवशी घरात कोणी जेवलं नव्हतं.

टी-शर्टचं वेगळं, तो विणलेला नसून गुंफलेला असतो, स्वेटरसारखा एकाच धाग्याचे फासे एकमेकांत, म्हणून ताणतो. आणि पॉलिस्टरचा तंतू तर मशीनमधून पाहिजे तितका लांब काढता येतो, तरी पीसी, म्हणजे पॉलिस्टर-कॉटन मिसळलेल्या, सुतासाठी तो मुद्दाम कापसाच्या मापाला, साधारण ३८ मिलिमीटरला कापतात, म्हणजे कापसाबरोबर मिसळून पिळता येतो.

तर कापड मजबूत का? धाग्यात तंतू एकमेकांना धरतात आणि कापडात धागे. प्रत्येक तार ८८ ठिकाणी दर इंचाला आडव्या धाग्याखाली-वर दाबलेली असते, तुम्ही शर्ट ओढता तेव्हा जोर शेकडो तारांवर वाटला जातो. पण दुकानदार बघा, तेच कापड कात्रीने अर्धा इंच चिरतो आणि टर्रकन सरळ फाडतो. कारण चिरेच्या टोकाला सगळा जोर एकदोन तारांवर येतो, ती तुटली की पुढची, ती तुटली की त्याच्या पुढची. म्हणून शर्टाला बारीक छिद्र पडलं की त्याच दिवशी टाका घाला.

तुम्हाला स्वतः बघायचं असेल तर जुन्या सुती शर्टाच्या आतल्या शिलाईतून सुटलेला एक धागा काढा, कापडाचा, शिलाईचा नको. एक इंच लांबीवर दोन चिमटीत धरा आणि उलट दिशेने पिळत राहा, कुठली दिशा उलट ते धागा सैल पडायला लागला की कळेल. बारीक असेल तर पंचवीस-तीस वेढे लागतील. मग हळूच ओढा. आवाज नाही, झटका नाही, दोन्ही चिमटीत लव सुटलेली टोकं राहतील, अगदी आज्जीच्या पुंजक्यासारखी.