मिशनसेवेसाठी परदेशी गेल्यावर तिथल्या तरुणांशी कसं जोडून घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की ख्रिस्ती मंडळीतर्फे दोन वर्षांसाठी टांझानियाला जाताय, तरुणांमध्ये काम करायचंय, आणि गिटार, खेळ, व्हिडिओ यातली कोणती तयारी करून जाऊ. सलाम. मी यवतमाळ जिल्ह्यातला, दारव्ह्याकडचा. २००९ ते २०११ मी त्याच देशात, शिन्यांगा भागात, तरुणांमध्येच होतो. म्हणून प्रश्न वाचून राहवलं नाही.

तुमच्या यादीतलं सगळं मी नेलं होतं. सप्टेंबरात पोचलो. दर शनिवारी सभा, गाणी, खेळ, मग चहा-चपाती. चाळीस-पन्नास पोरं यायची, खायची, निघून जायची. नऊ महिन्यांत एकानंही घरी बोलावलं नाही. का, ते मला कळायला हवं होतं, कारण लहानपणी मी त्यांच्याच जागी बसलेलो होतो. मी नववीत असताना आमच्या गावात परदेशी तरुणांचा एक गट दहा दिवस आला होता. हातवारे करत गाणी शिकवली, पेन्सिली वाटल्या, खांद्यावर हात टाकून फोटो काढले. दिवस कापूस वेचायचे. आम्ही सकाळी शेतात, संध्याकाळी त्यांच्या सभेत. बोंडाच्या टोकांनी आमची बोटं चिरलेली होती. एकानंही विचारलं नाही की हे कशानं झालं.

शिन्यांगा हा कापसाचाच मुलूख. आपण जूनमध्ये पेरतो, ते नोव्हेंबर-डिसेंबरात. तिकडची वेचणी मे-जूनपासून. सभेला एक १९ वर्षांचा मुलगा यायचा, बोडाबोडा चालवायचा, म्हणजे मोटरसायकलवर भाड्यानं माणसं न्यायचा. नेहमी दाराजवळ, किल्ली बोटात फिरवत बसायचा. जूनमध्ये एकदा त्याच्याच गाडीवर बसून जाताना रस्त्यात त्याच्या आईचं वावर लागलं. तिला काही द्यायला तो थांबला. मी उतरलो. समोर फुटलेली पऱ्हाटी. गळ्यातल्या दुपट्ट्याची कमरेला ओटी बांधली आणि एक तास, म्हणजे झाडांची एक ओळ, पकडली. दोन्ही हातांनी, पाकळीत काही न ठेवता, कवडी, म्हणजे किडका-डागी कापूस, वेगळी काढत, जसं आईनं शिकवलं तसं. तिकडे कवडीला फिफी म्हणतात. त्याची आई वेचायची थांबली आणि बघत राहिली. पोरानं विचारलं, ‘म्हिंदी माणसाला हे कोणी शिकवलं?’ तिथे म्हिंदी, म्हणजे हिंदुस्थानी, हा दुकानदार. दुकानाला ते दुका म्हणतात, गाडीला गारी, शब्द आपलेच. पण वावरात उतरलेला म्हिंदी त्यानं पाहिला नव्हता.

मी सांगितलं, आईनं. मग त्यानं एकरी किती होतो ते विचारलं, भाव विचारला, कर्ज विचारलं. मी चुलतभावाबद्दल सांगितलं. २००६ साली त्यानं फवारणीचं औषध घेतलं होतं. हे मी त्या देशात तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं, सभेत विश्वासाची साक्ष देतानाही नाही. पोरगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, माझा बाप गेइटाच्या सोन्याच्या खाणीकडे गेला, तीन वर्षं झाली, फोन नाही.

त्या दिवसापासून तो संध्याकाळी खोलीवर येऊ लागला, माझी स्वाहिली सुधारायला. चुकलो की मांडीवर चापट मारायचा. नंतर त्याचे मित्रही यायला लागले. चार महिन्यांनी त्यानं विचारलं, भाऊ गेला तेव्हा तुम्ही काय प्रार्थना केली? मी म्हणालो, वर्षभर मला प्रार्थना करताच आली नाही. विश्वासाबद्दल आमचं पहिलं खरं बोलणं ते.

माझं मत स्पष्ट आहे. ज्या माणसाला आपण काही शिकवू शकतो, त्याच्याजवळ पोरं येतात. ज्याला सगळंच येतं, त्याचं ती नुसतं ऐकून घेतात.

आमच्या कामाच्या प्रमुखांना हे पटलं नाही. त्यांना महिन्याच्या अहवालात सभेची हजेरी हवी होती, आणि माझी हजेरी वेचणीच्या दिवसांत १२ वर आली होती. ते म्हणाले, ‘तुम्हाला इथे कापूस वेचायला पाठवलेलं नाही. गप्पांतून कुणी ख्रिस्ताकडे येत नाही.’ तेव्हा मी मान खाली घातली. आज सांगतो. मराठी कवी नारायण वामन टिळक १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी युरोपियनाशी बोलणं निघालं, त्यानं बायबलातल्या नव्या कराराची प्रत हातात दिली. १८९५ साली टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्या डब्यात कुणी हजेरी घेतली होती का? पुढे याच टिळकांनी मराठी मंडळीला भजन-कीर्तन दिलं, आमच्या आजीला तोंडपाठ असायचं. अहवालात ते कुठल्या रकान्यात लिहायचं?

भाषा मात्र इथूनच शिकायला लागा. वडीलधाऱ्यांना ‘शिकामो’ म्हणायचं, ते ‘माराहाबा’ म्हणतात. हे चुकलात तर पोरंसुद्धा तुम्हाला बिनवळणाचे समजतील. तिथे काका म्हणजे मोठा भाऊ आणि दादा म्हणजे मोठी बहीण, हेही आजच लक्षात ठेवा.

काही गोष्टी राहिल्या. प्रत्येकाला शेत येत नाही, आणि शहरात जाणार असाल तर वेचणीचा उपयोग नाही. तिथे तुमच्या हाताला काय येतं ते बघा, शिवण, गॅरेज, स्वयंपाक. पैसे उसने देऊ नका, मी दोनदा दिले आणि दोन पोरं सभेला यायची बंद झाली. अल्पवयीन मुलामुलींना एकट्यानं खोलीवर बोलवू नका, मंडळीचे नियम पाळा. माझ्याकडे येणारे सगळे १८ च्या वरचे होते आणि दार उघडं असायचं. मिशनरी कामाला तिथे वेगळा रहिवासी परवाना लागतो, पर्यटक व्हिसावर जाऊ नका. आणि मी पुरुष आहे. बाईमाणसाला शेतात, घराघरांत जास्त शिरकाव मिळतो असं मी पाहिलं, पण ते तुम्हाला एखादी ताईच नीट सांगेल.

गिटार हवी तर न्या. पण पहिले दोन महिने पेटीतच ठेवा आणि त्यांच्या गाण्यांना नुसत्या टाळ्या द्या. बाहेर कधी काढायची ते तीच पोरं सांगतील.