फायटर माशाच्या शेपटीचे पर काळे पडून झिजत आहेत. कोणते औषध द्यावे?

आपण लिहिले आहे की, पाचवीतल्या मुलीसाठी आणलेल्या निळ्या फायटर माशाच्या शेपटीची किनार गेल्या पंधरा दिवसांत काळी पडून झिजत चालली आहे, पाठीवरच्या परात एक उभी चीर दिसते, मासा दिवसभर तळाशी पडून राहतो आणि चार दिवस निळे औषध टाकूनही फरक पडलेला नाही. मासा तीन लिटरच्या गोल काचेच्या भांड्यात, खिडकीत ठेवला आहे; पाणी ग्रामपंचायतीच्या नळाचे आहे आणि दर रविवारी सगळे पाणी फेकून, भांडे घासून, नवे पाणी भरले जाते, हेही आपण कळवले आहे. हा तपशील दिलात हे फार बरे झाले, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक त्यातच आहे. माझ्या मते या माशाला दोन वेगवेगळ्या गोष्टी झाल्या आहेत आणि त्यांपैकी जी गंभीर आहे ती औषधाच्या बाटलीने बरी होणारी नाही.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते आणि नऊ वर्षांपासून फायटर, म्हणजेच बेट्टा जातीचे मासे पाळते. माझ्या पहिल्या माशाचे पर असेच झिजू लागले तेव्हा दुकानदाराच्या सांगण्यावरून मी माणसांच्या प्रतिजैविकाची कॅप्सूल फोडून पाण्यात टाकली होती. मात्रा माहीत नव्हती, आजार कोणता हेही माहीत नव्हते. सहाव्या दिवशी मासा गेला. तेव्हापासून औषधाला हात लावण्यापूर्वी मी दोन गोष्टी पाहते : पराची किनार आणि पाणी.

किनार पाहण्यासाठी दिवसाउजेडी भांड्यामागे पांढरा कागद धरावा आणि मासा पर पसरेल तेव्हा नीट निरखावे. पर नुसता फाटला असेल तर चीर सरळ आणि स्वच्छ असते, तिच्या दोन्ही कडांचा रंग बाकीच्या परासारखाच असतो आणि ती बहुधा एका रात्रीत दिसू लागते. हे काम प्लास्टिकच्या झाडाचे, टोकदार दगडाचे किंवा मासा पकडण्याच्या जाळीचे असते. आपल्या माशाच्या पाठीवरची चीर मला याच प्रकारची वाटते. जुन्या नायलॉनच्या ओढणीचा तुकडा आपल्या भांड्यातल्या प्लास्टिकच्या झाडावरून ओढून पाहा. धागा अडकला तर माशाचा परही तिथेच अडकतो असे समजावे आणि ते झाड आजच काढून टाकावे. कधी कधी शेपटीतून अर्धगोल घास घेतल्यासारखा तुकडा अचानक नाहीसा होतो. तसे दिसले तर मासा स्वतःच आपली शेपटी चावतो आहे असा संशय घ्यावा. लांब, जड शेपटीचे मासे हे विशेषकरून करतात; फिल्टरचा जोराचा प्रवाह किंवा काचेत सतत दिसणारे स्वतःचे प्रतिबिंब ही त्यामागची नेहमीची कारणे असतात.

शेपटीचे आपण केलेले वर्णन मात्र यांपैकी कशाशीच जुळत नाही. किनार वेडीवाकडी, चिंध्यांसारखी होणे, तिला काळी, लालसर किंवा पांढुरकी कड येणे आणि दिवसागणिक पर थोडा थोडा आखूड होत जाणे ही पर कुजण्याची खूण आहे. हे काम जिवाणूंचे असते; पण ते जिवाणू बाहेरून आलेली साथ नव्हे. एरोमोनास आणि स्यूडोमोनास या गटांतले जिवाणू जवळजवळ प्रत्येक टाकीत असतातच. मासा धडधाकट असेपर्यंत ते त्याचे काही बिघडवू शकत नाहीत. थंडीने किंवा घाण पाण्याने तो खचला की ते आधी पराच्या कडेला लागतात, कारण तिथले ऊतक सर्वांत नाजूक असते. म्हणून जिवाणू मारण्याच्या मागे लागून पाणी तसेच ठेवले तर आजार पुन्हा येतो.

आता पाण्याकडे वळू. मासा कल्ल्यांवाटे आणि विष्ठेवाटे अमोनिया सोडतो, आणि उरलेले अन्न सडूनही अमोनियाच तयार होतो. मुरलेल्या, म्हणजे बरेच दिवस चालू असलेल्या टाकीत फिल्टरवर आणि दगडांवर वाढलेले उपयोगी जिवाणू या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग त्या मानाने निरुपद्रवी नायट्रेट करतात. तीन लिटरच्या भांड्यात मुळात पाणी कमी, फिल्टर नाही आणि दर रविवारी सगळे घासून काढल्याने हे जिवाणू वाढायलाही जागा नाही. म्हणजे सोमवारपासून शनिवारपर्यंत अमोनिया साचत जातो आणि रविवारी माशाला एकदम वेगळ्या तापमानाच्या, वेगळ्या गुणाच्या पाण्यात टाकले जाते. त्यात आपल्याकडच्या पाण्याचा एक विशेष आहे. अमोनियाचे विषारी रूप पाणी जितके अल्कधर्मी तितके वाढते : २५ अंश तापमानाला पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे याचे माप, ७ असेल तर एकूण अमोनियाचा सुमारे अर्धा टक्का भाग विषारी रूपात असतो, पीएच ८ झाला की तोच भाग ५ टक्क्यांच्या आसपास जातो. आमच्याकडे काळ्या खडकातल्या बोअरचे पाणी जड आणि अल्कधर्मी असते, त्यामुळे तोंडाला गोड लागणाऱ्या पाण्यातही माशाचे हाल होऊ शकतात. आपल्या नळाचे पाणी विहिरीचे की बोअरचे हे पाहून घ्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी गेलात तर अमोनिया तपासण्याचा थेंबांचा संच अवश्य आणा. निळ्या औषधाच्या चार बाटल्यांपेक्षा तो अधिक उपयोगी पडेल.

दुसरे कारण थंडी. मासा तळाशी पडून राहतो हे वाचले तेव्हा माझ्या मनात आधी भांड्याची जागाच आली. विदर्भात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांपर्यंत आणि कधी त्याखालीही उतरतो. खिडकीतल्या तीन लिटर पाण्याला गार व्हायला वेळ लागत नाही. हा मासा मूळचा थायलंड आणि त्याच्या आसपासच्या उष्ण प्रदेशातला असून त्याला २५ ते २८ अंश तापमान मानवते. तो तिथे धानाच्या शेतात, उथळ पाण्यात राहतो, आणि पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेण्याचे खास इंद्रिय त्याच्या डोक्यात असते, म्हणून वाटीएवढ्या पाण्यातही तो तग धरतो असे दुकानात सांगितले जाते. आपण धानाच्या पट्ट्यातले आहात. बांधीतले पाणी घोट्याएवढे असले तरी ते किती दूरवर पसरलेले, किती ऊबदार आणि झाडापाल्याने किती भरलेले असते हे मी आपल्याला सांगायला नको. तीन लिटरचे भांडे म्हणजे बांधी नव्हे.

तेव्हा उपचार असा करावा. पंधरा ते वीस लिटरचा नवा प्लास्टिकचा टब किंवा काचेची टाकी घ्यावी. साबण लागलेली बादली चालणार नाही, आणि फवारणीच्या कामाला एकदाही वापरलेले भांडे तर मुळीच नको. हे मी मुद्दाम ठासून सांगते, कारण शेतकरी घरात ही चूक सहज होते. फवारणीत वापरली जाणारी पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशके माशांना अत्यंत अल्प मात्रेतही मारक असतात आणि डास पळवणाऱ्या अनेक लिक्विडांतही त्याच गटातली द्रव्ये असतात. शेतातून आलेल्या माणसाने हात कोपरापर्यंत धुतल्याशिवाय पाण्यात घालू नयेत, आणि मासा हवा पृष्ठभागावरून घेतो म्हणून कॉइल, लिक्विड किंवा चुलीचा धूर असलेल्या खोलीत टाकी ठेवू नये.

नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते. ते पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात चोवीस तास उघडे ठेवले की त्यातला क्लोरीन निघून जातो. घाई असेल तर दुकानात क्लोरीन घालवण्याचे थेंब मिळतात, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, ते वापरावे. मासा नव्या पाण्यात एकदम सोडू नये. त्याला जुन्या भांड्यातल्या एक लिटर पाण्यासह छोट्या डब्यात घ्यावे आणि तासाभरात थोडे थोडे नवे पाणी मिसळत नेऊन मग टबात सोडावे. टबाला थर्मोस्टॅट असलेला, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला आपोआप बंद-चालू होणारा ५० वॅटचा हीटर लावावा आणि तापमान एका दिवसात दोन-तीन अंशांपेक्षा जास्त न वाढवता २६ अंशांवर आणावे. हीटर पूर्ण पाण्यात बुडेल असा असावा आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी त्याचे बटण बंद करून प्लग काढावा. रात्री वीज जाणे आपल्याकडे नवे नाही, म्हणून टबाच्या तिन्ही बाजूंना थर्माकोल लावून वरून गोधडी टाकावी. मात्र पृष्ठभागावर हवा खेळती राहील एवढी फट ठेवावी.

पहिले आठ दिवस रोज एक तृतीयांश पाणी बदलावे, सगळे कधीही नाही. बदलाचे पाणी त्याच तापमानाचे असावे. मी गरम आणि साधे पाणी मिसळून थर्मामीटरने पाहते, नुसत्या हाताच्या अंदाजावर राहत नाही. निळे औषध, जे बहुधा मिथिलीन ब्लू असावे, ते आता थांबवावे. त्याचा उपयोग प्रामुख्याने बुरशीवर होतो, पर कुजवणाऱ्या जिवाणूंवर त्याचा भरवसा धरता येत नाही, आणि पुढे फिल्टर लावलात तर त्यातले उपयोगी जिवाणू मात्र तेच मारते.

औषध म्हणून द्यायचेच असेल तर मीठ द्यावे. किराणा दुकानातले खडे मीठ, ज्यात दुसरे काही मिसळलेले नाही, ते लिटरमागे एक ग्रॅम या प्रमाणात वजन करून, वेगळ्या पाण्यात पूर्ण विरघळवून, मग टबात ओतावे. पंधरा लिटरला पंधरा ग्रॅम. रोज पाच लिटर पाणी बदलले तर नव्या पाच लिटरपुरतेच पाच ग्रॅम घालावे. मीठ वाफेबरोबर उडून जात नाही, त्यामुळे आटलेले पाणी भरताना पुन्हा मीठ घालू नये. आठ ते दहा दिवसांनंतर मीठ बंद करावे. पाण्यात जिवंत वनस्पती असतील तर त्यांना हे मानवत नाही, म्हणून त्या या काळात बाहेर असाव्यात.

देशी बदामाच्या पानांबद्दल आपण ऐकले असेल. जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळांच्या आवारात हे झाड असते. झाडावरून आपोआप गळलेले, पूर्ण वाळून तपकिरी झालेले एक मोठे पान धुऊन पंधरा लिटर पाण्यात टाकले की पाणी हलक्या चहासारखे होते. त्यातल्या टॅनिनमुळे जिवाणूंची वाढ काहीशी रोखली जाते आणि मासाही शांत होतो. मी ते नेहमी वापरते, पण आधार म्हणून, उपचार म्हणून नव्हे. फवारलेल्या शेताच्या धुऱ्यावरचे पान घेऊ नये. हळद, कडुलिंबाचा रस असे घरगुती उपाय पाण्यात करू नयेत. आपल्या जखमेवर चालते ते माशाच्या कल्ल्यांना चालेलच असे नाही.

खाण्यासाठी फायटरच्या नावाने मिळणाऱ्या गोळ्या दिवसाला चार-पाच पुरेत. उरलेली गोळी लगेच काढावी. पोळीचा तुकडा, मुरमुरे, भात हे मुले कौतुकाने टाकतात, पण हा मासा किडे खाणारा आहे. ते त्याला पचत नाही आणि पाणी सडते. आपल्या मुलीला थर्मामीटर पाहून तापमान वहीत लिहिण्याचे काम द्या. आमच्या शाळेतल्या मुलांनी हे फार मन लावून केले होते.

पाणी आणि तापमान सुधारले की साधारण एक-दोन आठवड्यांत किनारीला काचेसारखा पारदर्शक, पातळ पापुद्रा दिसू लागेल. अनेक जण त्यालाच बुरशी समजून पुन्हा औषध सुरू करतात. ते नवे ऊतक आहे, त्याला धक्का लावू नये. पूर्ण पर भरून यायला काही आठवडे, कधी दोन महिनेही लागतात. नवा भाग थोडा वेगळ्या रंगाचा किंवा वाकडा येऊ शकतो आणि त्याने माशाचे काही बिघडत नाही. प्रगती डोळ्यांनी ठरवू नये, कारण रोज पाहणाऱ्याला फरक कळत नाही. दर तिसऱ्या दिवशी त्याच अंतरावरून फोटो काढून ठेवावा.

काही खुणा दिसल्या तर मात्र घरी थांबू नये. झीज शेपटीच्या मुळाशी, अंगाला भिडू लागली तर पर पुन्हा येण्याची आशा मावळते आणि जिवालाच धोका होतो. पाठीवर खोगिरासारखा पांढुरका-करडा पट्टा, तोंडाशी कापसासारखे पुंजके आणि एक-दोन दिवसांत झपाट्याने खालावणे ही कॉलमनॅरिस नावाच्या जिवाणूजन्य आजाराची लक्षणे आहेत. तो उष्ण पाण्यात अधिक वेगाने पसरतो, म्हणून तेव्हा हीटरचे तापमान वाढवू नये. सात दिवस स्वच्छ, ऊबदार पाणी देऊनही काळी कड पुढे सरकत असेल तरच प्रतिजैविकाचा विचार करावा, आणि तोही स्वतःच्या मनाने नव्हे. नागपूरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. तिथल्या प्राध्यापकांना किंवा आपल्या भागातल्या पशुवैद्यकांना फोटो, पाण्याच्या तपासणीचे आकडे आणि मुलीच्या वहीतले तापमान दाखवून विचारावे.

आज रात्रीपुरते एवढे करा : ते भांडे खिडकीतून उचलून आतल्या, बिनधुराच्या खोलीत ठेवा, प्लास्टिकचे झाड काढा आणि उद्यासाठी दोन बादल्या पाणी उघडे भरून ठेवा.